दृष्टिपटलाचे आनुवंशिक आजार: उपाय कधी आणि कुणासाठी?

दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजाराचं निदान झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, यावर उपाय कधी निघणार? समोर शाळकरी मुलगा आणि त्याचे आईवडील बसलेले असताना ‘काही नाही’ असं कुठल्याही डॉक्टरला सांगवत नाही. मग ‘संशोधन चालू आहे, पाच-दहा वर्षांत काहीतरी येईल’ असं उत्तर मिळतं. रेटिनायटिस पिगमेंटोजा या आजारामागचा एक महत्त्वाचा जनुकदोष, ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाचा, १९९० मध्ये सापडला. तेव्हापासून ही पाच-दहा वर्षं सतत पुढे सरकत आली आहेत. पहिल्या आशेवर वाढलेली मुलं आता चाळिशीत आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांची नजर गेलेली आहे. माझं म्हणणं असं की या प्रश्नाला सगळ्यांसाठी मिळून एक तारीख असूच शकत नाही. मात्र एकेका रुग्णापुरतं बऱ्यापैकी नेमकं उत्तर देता येतं, आणि त्यासाठी लागणारी पहिली माहिती म्हणजे त्याचा कोणता जनुक बिघडला आहे. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांजवळ नेमकी तीच नसते.

डोळ्याच्या मागच्या बाजूला, आतून, एक पातळ पडदा असतो. त्यातल्या दंडपेशी अंधुक उजेडात पाहतात, शंकुपेशी रंग आणि बारकावे टिपतात. या पेशी दिवसरात्र प्रकाशाचं विजेच्या संकेतांत रूपांतर करत असतात आणि त्या कामाला शेकडो प्रथिनं लागतात. त्यांतलं एखादं प्रथिन बनवण्याची सूचना जनुकातच चुकलेली असेल तर पेशी काही वर्षं तग धरतात आणि मग मरू लागतात. रेटिनायटिस पिगमेंटोजात, म्हणजे रुग्ण ज्याला ‘आरपी’ म्हणतात त्या आजारात, आधी दंडपेशी जातात. संध्याकाळनंतर दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसणं कमी होत होत नळीतून पाहिल्यासारखी मधली नजर तेवढी उरते. पुढे शंकुपेशीही मरतात. स्टारगार्ट आजारात याच्या उलट, मधलीच नजर आधी जाते आणि वाचन, चेहरे ओळखणं अवघड होतं. लेबर कंजेनिटल अमॉरोसिसमध्ये जन्मापासून किंवा तान्हेपणापासूनच दिसत नाही. या सगळ्या आजारांमागे मिळून आजवर २५० हून अधिक जनुक सापडले आहेत. एकट्या आरपीमागेच अनेक डझन. कागदावर एकच नाव लिहिलेले दोन रुग्ण शेजारी बसले असतील, तरी त्यांचे आजार मुळाशी वेगळे असू शकतात. एकाचा उपाय दुसऱ्याच्या काडीच्याही उपयोगाचा नसतो, तो या कारणाने.

एका जनुकापुरता उपाय आला आहे, आणि तो कसा आला हे नीट पाहिलं तर पुढच्या वाटचालीचा अंदाज बांधता येतो. आरपीई-६५ या जनुकापासून बनणारं प्रथिन पडद्यामागच्या थरात अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार पुन्हा वापरण्याजोगा करून दृष्टिपेशींना देतं. हे प्रथिन नसेल तर पेशी जिवंत असूनही उजेडाला प्रतिसाद देऊ शकत नाहीत. १९९३ मध्ये हा जनुक वेगळा करण्यात आला. त्यातल्या दोषामुळे मुलं आंधळी होतात हे १९९७ मध्ये कळलं. ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांमध्ये हाच दोष निसर्गतः आढळतो. निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून निरोगी जनुक त्यांच्या पडद्याखाली सोडल्यावर जन्मांध कुत्री पाहू लागली, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. २००७ मध्ये लंडन आणि फिलाडेल्फिया इथे माणसांवर पहिले प्रयोग झाले. फिलाडेल्फियात जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर हे दांपत्य या कामाच्या पाठीशी वर्षानुवर्षं उभं होतं. शेवटच्या टप्प्याच्या चाचणीत ३१ रुग्ण होते. त्यांना वेगवेगळ्या उजेडात, जमिनीवरचे बाण पाहत, अडथळे चुकवत एका वाटेने चालायला लावलं जाई. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जण वर्षभरात सर्वांत मंद उजेडातही ती वाट पार करू लागले. उपचार न मिळालेल्यांतला एकही नाही. १९ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या औषध नियामकाने लक्सटर्ना या नावाने या उपचाराला मंजुरी दिली.

१९९३ ते २०१७ म्हणजे २४ वर्षं. आणि हा जनुक अनेक अर्थांनी सोपा होता. तो आकाराने लहान, त्यामुळे विषाणूत मावणारा. त्याच्या अभावी पेशी लगेच मरत नाहीत, त्यामुळे उपचाराला वाचवण्यासारखं काही शिल्लक राहतं. शिवाय प्रयोगासाठी हुबेहूब तोच आजार असलेला प्राणी निसर्गानेच दिलेला. इतर जनुकांना या तिन्ही सवलती क्वचितच मिळतात. हा विषाणू म्हणजे छोटा टेम्पो समजा. जनुकीय अक्षरांच्या जोड्यांत मोजलं तर जेमतेम ४,७०० जोड्यांचा माल त्यात बसतो. स्टारगार्टमधल्या एबीसीए-४ जनुकाची सूचना सुमारे ६,८०० जोड्यांची आहे. अशर सिंड्रोममध्ये ऐकणं आणि पाहणं दोन्ही जातं. त्यामागच्या एका मुख्य जनुकाची सूचना १५,००० च्या वर जाते. तो माल दोन फेऱ्यांत नेऊन पेशीत पोहोचल्यावर जोडायची तंत्रं विकसित होत आहेत, पण त्यांना वेळ लागतो आहे.

उपाय ‘आला’ म्हणजे नेमकं काय आलं, हेही पाहायला हवं. लक्सटर्नाने मंद उजेडातली नजर परत मिळते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. याच जनुकावर लंडन आणि पेनसिल्व्हेनियात झालेल्या वेगळ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, तेव्हा काही रुग्णांत मिळालेली सुधारणा काही वर्षांत ओसरत गेल्याचं दिसलं. लक्सटर्ना घेतलेल्यांमध्ये परिणाम अधिक टिकलेला दिसतो, मात्र काहींच्या पडद्याचा थर पुढे विरळ झाल्याच्या नोंदीही आहेत. घरची माणसं ‘बरा होणं’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात पूर्ववत नजर असते. आज विज्ञान देऊ शकतं ते बहुतेक वेळा ‘आहे ते टिकवणं’ किंवा ‘थोडं परत मिळवणं’. अंधारात भांडं शोधता येणं, जिन्याची पायरी दिसणं हे रुग्णाला किती मोलाचं आहे ते त्यालाच ठाऊक, आणि मी त्याला जराही कमी लेखणार नाही. तरीही उपायाची वाट पाहणाऱ्याला हा फरक आधीच सांगितला पाहिजे.

लक्सटर्नानंतर पुढचे उपचार भराभर येतील अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही. कोरॉइडेरेमियावरच्या जनुकोपचाराची मोठी चाचणी २०२१ मध्ये अपयशी ठरली. लेबर अमॉरोसिसच्या एका प्रकारावरचं सेपोफार्सेन हे औषध २०२२ मध्ये कसोटीला उतरलं नाही. मुख्यतः मुलग्यांना होणाऱ्या, आरपीजीआर या जनुकाच्या आरपीवर एका बड्या कंपनीची शेवटच्या टप्प्यातली चाचणी २०२५ मध्ये मुख्य निकषावर नापास झाली. यावरून ‘हे सगळं फोल आहे’ असा निष्कर्ष काढणारे आहेत. तो मला पटत नाही, कारण अपयश कुठे आलं ते नीट पाहिलं तर अडचणीचा मोठा भाग मोजमापात आहे. कोरॉइडेरेमियात नजर दशकानुदशकं हळूहळू जाते, आणि चाचणीत यश कशाला म्हणायचं तर एका वर्षात तक्त्यावरची किमान १५ अक्षरं जास्त वाचता येण्याला. ज्या उपचाराचं काम ऱ्हास थांबवणं हे आहे, त्याच्याकडून वर्षभरात वाढ मागितली गेली. ऱ्हास थांबला की नाही हे खात्रीने कळायला पाच-सात वर्षं लागतात, आणि तितकी वर्षं पैसा ओतत राहायला कंपन्या तयार नसतात. आजाराची संथ गती रुग्णाला काही काळ नजर देते आणि तीच गती औषधाची परीक्षा लांबवते.

सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र यशस्वी होत असलेल्या एका प्रयोगाची आहे. क्रिस्पर हे जनुक संपादनाचं तंत्र माणसाच्या शरीरात थेट वापरण्याचा पहिला प्रयोग मार्च २०२० मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या केसी आय इन्स्टिट्यूटमध्ये डोळ्यावरच झाला. सीईपी-२९० या जनुकातल्या एका ठरावीक दोषासाठी १४ जणांवर उपचार झाले आणि त्यांपैकी ११ जणांत नजरेच्या किमान एका मोजमापात सुधारणा दिसली. हे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण प्रयोग चालवणाऱ्या कंपनीने त्याआधीच, २०२२ च्या अखेरीस, काम थांबवलं होतं. उपचाराचा लाभ होऊ शकेल असे रुग्ण अमेरिकेत साधारण ३०० च आहेत आणि एवढ्यावर धंदा उभा राहत नाही, असा हिशेब झाला. इथे प्रयोगशाळा आडवी आली नव्हती, रुग्णसंख्या आडवी आली. त्यामुळे ‘किती वर्षं’ या प्रश्नात ‘तुमच्यासारखे किती जण मोजले गेले आहेत’ हा प्रश्न दडलेला आहे.

यावर एक चांगला आक्षेप येतो. प्रत्येक जनुकासाठी वेगळा उपाय शोधत बसण्यापेक्षा कुठल्याही जनुकाला चालेल असा उपाय शोधला तर रुग्णांची वाटणी करायची गरजच काय? या दिशेने खरोखर काम चालू आहे आणि त्याबद्दल मला सर्वाधिक आशा वाटते. दंडपेशी मेल्यावर शंकुपेशी का मरतात, याचं एक कारण पडद्यात वाढणारा ऑक्सिजनचा ताण हे आहे. तो कमी करण्यासाठी एन-ॲसिटिलसिस्टीन या जुन्या, स्वस्त औषधाची मोठी चाचणी सुरू आहे. ज्यांच्या दृष्टिपेशी पूर्ण गेल्या आहेत त्यांच्यासाठी ऑप्टोजेनेटिक्स हे तंत्र आहे. त्यात शेवाळातलं प्रकाश ओळखणारं प्रथिन पडद्यातल्या वाचलेल्या पेशींत बसवतात. २०२१ मध्ये आरपीने दृष्टी गेलेल्या ५८ वर्षांच्या एका गृहस्थाला या उपचारानंतर, खास चष्मा लावून, टेबलावरची वही आणि पेले शोधता आले. चेहरे ओळखता आले नाहीत, वाचता आलं नाही. पण ज्याला वस्तू दिसतच नव्हत्या त्याला त्या सापडू लागल्या. तरीही हे उपाय जनुक जाणून घेण्याची गरज संपवत नाहीत. आजार कोणत्या गतीने वाढणार, कोणत्या पेशी किती काळ टिकणार हे जनुकावरून पुष्कळसं कळतं, आणि कोणता टप्पा गाठण्याआधी काय करायचं हे त्यावर ठरतं.

यंत्रांबद्दलही सांगायला हवं. आर्गस-२ या पडद्यावर बसवायच्या ६० इलेक्ट्रोडच्या यंत्राला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली आणि जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतलं. पुढे कंपनीने उत्पादन थांबवलं आणि ज्यांच्या डोळ्यात यंत्र आहे त्यांना दुरुस्तीला कुणी उरलं नाही. उपाय बाजारात येणं आणि तो टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या रुग्णांनी भोगून दाखवलं.

आता आपल्याकडे येऊ. जगात साधारण चार हजार माणसांमागे एकाला आरपी असतो असं धरलं जातं. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’मध्ये तिशीपुढच्या लोकांत हे प्रमाण सुमारे ७५० मागे एक इतकं आढळलं. दक्षिण भारतातल्या पाहण्यांचे आकडेही जागतिक सरासरीपेक्षा बरेच जास्त आहेत. असे आकडे थोड्या रुग्णांवरून काढलेले असतात हे मान्य, पण रोख एकाच बाजूचा आहे. नात्यातली लग्नं हे त्याचं एक कारण मानलं जातं. महाराष्ट्रात, विशेषतः दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत, मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत अनेक समाजांत आहे. एकाच आजोबा-आजींकडून आलेला दडलेला दोष नवरा-बायको दोघांतही असेल, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे इथे रुग्ण कमी नाहीत. ते मोजलेले नाहीत. पाश्चात्त्य कंपनीच्या यादीत ३०० रुग्णांमुळे जो उपचार परवडेना, त्याच जनुकाचे आपल्याकडे किती रुग्ण आहेत हे कळलं तर तो हिशेब बदलू शकतो. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद या संस्थांनी या आजारांच्या जनुकांवर चांगलं काम केलं आहे. तरी तालुक्याच्या ठिकाणी निदान झालेला रुग्ण अजून ‘पडदा सुकतोय, चष्म्याने होणार नाही’ एवढंच ऐकून घरी जातो.

‘उपाय नाही तर तपासणी कशाला? पैसे वाया.’ हे घरोघरी ऐकू येतं, आणि कित्येक डॉक्टरही हेच म्हणतात. एकेकाळी ते बरोबर होतं. आता तपासणी काही हजारांत होते आणि दहांतल्या सहा-सात रुग्णांमध्ये दोष सापडतो. त्याचा उपयोग आजही आहे. आरपीई-६५ निघाला तर उपचार अस्तित्वात आहे. स्टारगार्ट निघाला तर अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत, त्या घातक ठरू शकतात. ‘डोळ्यांना चांगलं’ म्हणून घरच्यांनी मायेने सुरू केलेला उपाय मुलाचं नुकसान करू शकतो. अशर निघाला तर कानांकडे वेळेत लक्ष देता येतं. पुढच्या चाचणीत भाग घ्यायचा तर जनुकाचं नाव बहुतेक ठिकाणी आधी विचारलं जातं. शिवाय आज ज्याचा दोष सापडत नाही, त्याचा अहवाल काही वर्षांनी नव्या माहितीच्या आधारे पुन्हा पाहता येतो.

दुसरी हरकत जास्त खोल आहे. घरात जनुकदोष आहे असं कागदावर आलं की मुलींची लग्नं मोडतात, ही भीती खोटी नाही. पण निदान नसलं तरी कुजबूज होतेच आणि तिचा सगळा भार बहुधा आईवर पडतो. जनुक कळला की निदान अंदाजांना आळा बसतो. दोष दोघांकडून आला की एकाकडून, बहीण वाहक आहे की नाही, पुढच्या गरोदरपणात शक्यता किती, हे शांतपणे समजावता येतं. त्यासाठी अहवालासोबत जनुकीय समुपदेशन मिळायलाच हवं. नुसता इंग्रजी अहवाल हातात देऊन घरी पाठवणं म्हणजे काम अर्धवट सोडणं.

या अनिश्चिततेच्या काळात खोट्या उपायांचा धोका सर्वांत मोठा आहे. ‘स्टेम सेल’चं इंजेक्शन देऊन नजर परत आणू, असं सांगून लाखो रुपये घेणारे लोक आहेत. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये पोटाच्या चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन वृद्ध स्त्रियांची दृष्टी गेल्याचं २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं गेलं. त्यांचा आजार वेगळा, वयोमानाचा होता, पण दावा तोच होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेलचा वापर मान्य उपचार म्हणून करता येत नाही. संशोधनाच्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. कुणी मागत असेल तर तिथून उठून यावं.

आणि समजा खरा उपाय आला, तर तो परवडणार कुणाला? लक्सटर्नाची अमेरिकेतली किंमत दोन्ही डोळ्यांची मिळून ८ लाख ५० हजार डॉलर, म्हणजे सुमारे सात कोटी रुपये ठरली. हे ऐकून ‘आपल्यासाठी नाहीच ते’ असं म्हणून विषय सोडून देणं मला मान्य नाही. कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती परदेशात कोट्यवधी रुपयांची होती. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून ती इथे तयार झाली, २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि किंमत परदेशाच्या कितीतरी पट खाली आली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हिमोफिलियावर जनुकोपचार झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये जगासमोर आले. डोळ्याला तर औषधाची मात्रा अगदी थोडी लागते. जे रक्ताच्या बाबतीत जमलं ते पडद्याच्या बाबतीत जमू नये असं काही नाही, फक्त कोणत्या जनुकापासून सुरुवात करायची हे ठरवायला इथल्या रुग्णांची नोंद लागेल.

मग किती वर्षं? माझा अंदाज असा. आरपीजीआर आणि अशाच मोजक्या जनुकांसाठी, ज्यांच्यावर सध्या मोठ्या चाचण्या चालू आहेत, जगात कुठेतरी मान्य उपचार येत्या दहाएक वर्षांत यायला हवेत, आणि ते आहे ती नजर राखतील. मोठ्या आकाराच्या जनुकांना त्याहून अधिक वेळ लागेल. नजर पूर्ण गेलेल्यांना हालचाल आणि वस्तू ओळखण्यापुरती दृष्टी देणारी तंत्रं त्याच सुमारास पोहोचतील. सगळ्या आनुवंशिक आजारांवर पूर्ववत दृष्टी, हे आजच्या तरुण रुग्णांना सांगण्यासारखं नाही, आणि म्हणून मी ते सांगणार नाही. अगदी लहान मुलांचं चित्र मात्र वेगळं आहे. एआयपीएल-१ या जनुकाच्या दोषाने जवळजवळ जन्मांध असलेल्या चार बाळांवर लंडनमध्ये झालेल्या उपचारांची माहिती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यांच्या पाहण्यात ठळक सुधारणा दिसली. पेशी जिवंत असताना जनुक कळला तर काय होऊ शकतं हे त्यावरून दिसतं.

तोवरच्या वर्षांत एक हक्क बहुतेक आरपीग्रस्तांना ठाऊकच नसतो. तक्त्यावर ६/९ वाचता येतं म्हणून अनेकांना ‘तुम्ही अपंग नाही’ असं सांगून परत पाठवलं जातं. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजरेची तीक्ष्णता आणि दृष्टीचं क्षेत्र हे दोन्ही निकष आहेत. क्षेत्र ४० अंशांहून कमी झालं की अल्पदृष्टी आणि १० अंशांहून कमी झालं की अंधत्व धरलं जातं. प्रमाणपत्रासाठी जाताना दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा अहवाल सोबत न्यावा आणि तो पाहण्याचा आग्रह धरावा. शाळेतली सवलत, परीक्षेतला लेखनिक आणि नोकरीतली राखीव जागा त्या प्रमाणपत्रावर अवलंबून असते.